औषधांची चाचणी व रुग्णाचा होकार

‘चाचणी’ हा शब्द आजच्या मराठीत निदान तीन कामे करतो. शाळेत तो लहान परीक्षेचा वाचक आहे. रुग्णालयात रक्त, लघवी, थुंकी ह्यांच्या तपासणीस चाचणी म्हणतात. आणि नवे औषध माणसांना देऊन त्याचा गुण व अपाय पडताळण्याची जी शास्त्रीय पद्धती गेल्या शतकात रूढ झाली, तिलाही आपण हेच नाव दिले आहे. पहिल्या अर्थी चाचणी विद्यार्थ्याची होते, दुसऱ्या अर्थी रक्ताची, तिसऱ्या अर्थी औषधाची. तिसऱ्या अर्थाचे वैशिष्ट्य असे की, तेथे रुग्ण हा परीक्षेचा विषय नसून परीक्षेचे साधन असतो; परंतु शब्दावरून हा भेद ओळखू येत नाही. दवाखान्याच्या आवारात ‘चाचणी’ हा शब्द कानी पडला की सामान्य माणूस दुसराच अर्थ घेणार, हे उघड आहे.

प्रस्तुत लेखकाचे लक्ष ह्या गोष्टीकडे एका घरगुती प्रसंगाने वेधले. २०१४ च्या उन्हाळ्यात भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात राहणारे माझे आतेभाऊ (वयाने वडील असल्यामुळे आम्ही सर्व त्यांना दादा म्हणतो) काही कागद घेऊन माझ्याकडे आले. १९९६ साली एका शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांना रक्ताच्या दोन बाटल्या चढविल्या होत्या. पुढे अठरा वर्षांनी यकृताचा विकार उद्भवला आणि रक्तात ‘हिपॅटायटिस-सी’चा विषाणू आढळला. नागपूरच्या एका रुग्णालयात त्यांना सांगितले गेले की, ‘तुमच्या आजारावर एक चाचणी सुरू आहे, खर्च काही नाही, हे कागद वाचून सही करून आणा.’ दादांचा समज झाला की रक्त फुकट तपासून मिळणार आहे. कागदांची चौदा पाने होती. ‘यादृच्छिक पद्धतीने गटनिश्चिती’ ह्या शब्दांपाशी ते अडले आणि भाषेचा अभ्यास करणारा भाऊ घरात आहे, तर त्याला विचारावे, म्हणून आले. दोन गट पाडावयाचे होते : एकास नवे औषध, दुसऱ्यास तोवरचा रूढ उपचार. कोण कोणत्या गटात जाईल हे ना रुग्ण ठरविणार, ना डॉक्टर.

त्या कागदांच्या निमित्ताने मी जे थोडेफार वाचन केले, त्याचे फलित येथे मांडीत आहे. औषधांच्या चाचणीत सामील व्हावे की न व्हावे, हा प्रश्न आपल्या प्रांतात माणसांना कोणी, कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या शब्दांत विचारला, ह्याचा हा त्रोटक मागोवा आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, होकाराचे शब्द कितीही निर्दोष असले तरी तेवढ्यावरून होकाराची पारख होत नाही. त्याच प्रसंगी नकार देणाऱ्याचे काय झाले असते, हे पाहावे लागते. इतिहासाची साधने ह्या दृष्टीने पुन्हा वाचली असता काही परिचित घटना वेगळ्या दिसू लागतात.

आरंभ मुंबईपासून करणे क्रमप्राप्त आहे. हिंदुस्थानात देवीची पहिली यशस्वी लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली आणि तिच्या हातावरील फोडातील द्रव पुढे इतरांना टोचण्यासाठी वापरला गेला. तिला कोणी काही विचारले असण्याचा संभव नाही. तीन वर्षांच्या मुलीला विचारणार तरी काय? ह्या कार्यास मराठीने जे नाव दिले ते मात्र मननीय आहे. आपण ‘देवी काढणे’ म्हणतो. ज्या रोगाचे नाव देवी, त्याच्या प्रतिबंधाचे नावही देवीच. आणि ‘काढणे’ हे क्रियापद काढणाऱ्याचे आहे, ज्याच्या काढल्या त्याचे नव्हे. ‘देवी काढल्या’ ह्या वाक्यात मूल कर्ताही नाही आणि कर्मही नाही. फार तर ‘मुलाच्या देवी काढल्या’ असे षष्ठीचे एक रूप त्याच्या वाट्याला येते. ‘टोचून घेणे’ ह्या संयुक्त क्रियापदात मात्र माणूस कर्ता होतो. ‘मी टोचून घेतले’ असे म्हणणाऱ्याने निदान हात पुढे केलेला असतो. हे दोन वाक्प्रचार मराठीत शेजारी शेजारी नांदत आले आहेत आणि लसीकरणाच्या इतिहासातील सक्ती व स्वेच्छा ह्यांचा झगडा त्यांतच सामावलेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

‘संमती’ हा शब्द संस्कृतातून आलेला आणि जुना. पण त्यावरून महाराष्ट्रात घरोघरी वाद पेटला तो १८९१ साली. बेहरामजी मलबारी ह्यांनी १८८४ पासून चालविलेल्या खटपटीची परिणती १९ मार्च १८९१ रोजी मंजूर झालेल्या कायद्यात झाली आणि मुलीच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. परकी सरकारने धर्माच्या क्षेत्रात कायदा करू नये म्हणून टिळकांनी विरोध केला, आगरकरांनी कायद्याचा पुरस्कार केला, डॉ. रा. गो. भांडारकरांनी शास्त्राधार काढून दाखविले. ह्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. भाषेच्या अभ्यासकास त्यात एवढेच महत्त्वाचे वाटते की, संमती हा शब्द ह्या वेळी प्रथम देहाशी निगडित होऊन सार्वजनिक झाला, आणि विशिष्ट वयाखाली दिलेली संमती ही संमतीच नव्हे, हे तत्त्व लोकांच्या कानी पडले. त्याच्या काही वर्षे आधी रखमाबाईंनी नकाराचा अर्थ काय असतो हे दाखवून दिले होते. बालपणी लागलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदावयास त्या गेल्या नाहीत. १८८४ साली त्यांच्यावर दावा झाला. १८८७ साली न्यायालयाने नांदावयास जा, नाहीतर तुरुंगात जा असा हुकूम दिला, तेव्हा आपण तुरुंग पत्करू असे त्यांनी कळविले. १८८८ साली तडजोड झाली आणि पुढे त्या वैद्यक शिकून डॉक्टर झाल्या. नाही म्हणण्याची किंमत सहा महिन्यांची कैद अशी ठरलेली असताना जी स्त्री निमूट नांदावयास गेली असती, तिच्या जाण्याला आपण संमती म्हटले असते काय?

ह्या पार्श्वभूमीवर १८९७ च्या मुंबईतील प्रसंगाकडे पाहावे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगाचे निदान केले. कॉलऱ्याच्या लसीवर काम करीत असलेले वाल्देमार हाफकिन ह्यांना कलकत्त्याहून मुंबईस पाचारण झाले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीत मिळालेल्या तोकड्या जागेत त्यांनी तीन महिन्यांत प्लेगावरील लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. (कॉलऱ्याची लसही त्यांनी १८९२ साली पॅरिसमध्ये आधी स्वतःवरच अजमावली होती. संशोधकाने पहिला हात आपला पुढे करावयाचा, हा त्या पिढीचा एक अलिखित संकेत होता. आजच्या चौदा पानांत त्याची जागा विमापत्राने घेतली आहे.)

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारी रोजी कैद्यांना लसीविषयी सांगण्यात आले आणि ज्यांची इच्छा असेल त्यांनी पुढे यावे असे सुचविण्यात आले. १५४ कैदी पुढे आले. हे प्रमाण निम्म्याहून थोडे कमी होते. उरलेले तसेच राहिले. दोन्ही गटांचे अन्न, पाणी, कोठड्या, काम एकच. त्यानंतरच्या आठवड्यात न टोचलेल्यांपैकी १२ जणांस प्लेग झाला व त्यांतील ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांस झाला व एकही दगावला नाही. ह्या आकड्यांच्या बळावर लसीचा प्रसार झाला, आणि १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात जी प्लेग संशोधनशाळा स्थिरावली तिला १९२५ पासून हाफकिन ह्यांचेच नाव आहे.

वैद्यकाच्या इतिहासात ही हकीकत लसीचे यश म्हणून सांगितली जाते व ते योग्यच आहे. पण एका तारखेकडे सहसा कोणी पाहत नाही. ३० जानेवारीला तुरुंगात कैद्यांची इच्छा विचारली गेली, आणि अवघ्या पाच दिवसांनी, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. त्याअन्वये घरे तपासणे, प्रवाशांना थांबविणे, संशयितांना घराबाहेर काढून इस्पितळात वा छावणीत नेणे हे अधिकार सरकारला मिळाले. पुण्यात त्या अधिकारांचा वापर कसा झाला व त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत कसा झाला, हे वाचकांस ठाऊक आहेच. म्हणजे एकाच आठवड्यात, एकाच रोगासाठी, तुरुंगातील बंदिवानांना होय की नाही असे विचारण्यात आले आणि तुरुंगाबाहेरच्या स्वतंत्र रयतेस काहीच न विचारण्याची तजवीज झाली. आजच्या नीतिशास्त्राचा दंडक असा की, कैद्याची संमती संशयास्पद मानावी, कारण तो परतंत्र असतो. तो दंडक योग्य आहे. तथापि भायखळ्याच्या कैद्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक जागचे हलले नाहीत, आणि न हलल्याबद्दल त्यांची शिक्षा वाढली नाही. त्यांच्या नकाराला मोकळी वाट होती, म्हणूनच उरलेल्या १५४ जणांच्या होकाराला काही अर्थ आहे, असे मला वाटते. नकार देणाऱ्यांपैकी सहा जण प्लेगाने गेले ही गोष्ट खरी. पण नकार चुकीचा ठरणे आणि नकाराचा अधिकार नसणे ह्या अगदी भिन्न गोष्टी आहेत.

शहरात मात्र लसीविषयी धास्ती होती. आपल्या अनुयायांची भीती मोडावी म्हणून तरुण आगाखान ह्यांनी चारचौघांदेखत लस टोचून घेतली व लोकांनी त्यांचे अनुकरण केले. अशा होकाराला आपण श्रद्धेचा होकार म्हणू. तो अज्ञानाचा नव्हे, पण पूर्ण स्वतःचाही नव्हे. दवाखान्याच्या दारात ‘तुम्ही म्हणाल तसे, डॉक्टरसाहेब’ असे म्हणणारा रुग्ण ह्याच परंपरेतला.

ह्याच्या पुढच्या वर्षी, १८९८ च्या फेब्रुवारीत, बडोदे संस्थानातील उंढेरा नावाच्या गावी जे घडले ते मला अधिक अस्वस्थ करणारे वाटते. टोचून घेणारे लोक आधीच सावध किंवा सशक्त असतील व म्हणून वाचत असतील, असा आक्षेप भायखळ्याच्या आकड्यांवर घेता येत होता. तो आक्षेप उरू नये म्हणून उंढेऱ्यास प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना लस टोचली व निम्म्यांना तसेच ठेवले. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला त्यांतील टोचलेली माणसे ७१ होती. त्यांपैकी ८ आजारी पडली व ३ मेली. न टोचलेली ६४ होती. त्यांपैकी २७ आजारी पडली व २६ मेली. पुराव्याच्या दृष्टीने ह्याहून स्वच्छ कोष्टक काढणे कठीण. पण ते एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांचे कोष्टक आहे, हे वाचताना विसरता येत नाही. आज ज्यास आपण ‘तुलनागट’ म्हणतो तो येथे सख्खा भाऊ किंवा सासू होती. ‘यादृच्छिक’ ह्या शब्दाचा अर्थ दादांना समजावून सांगताना मी हेच उदाहरण दिले, आणि ते त्यांना माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर समजले. त्यांनी विचारले, ‘मंग माह्या वाट्याले कोनतं येईन, हे कोनालेच मालूम नाही?’ चौदा पानांचे सार ह्या एका वाक्यात आले होते.

लसीच्या इतिहासातील दुसरी बाजू थोडक्यात सांगितली पाहिजे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. हाफकिन ह्यांना पदावरून दूर केले गेले, आणि दोष त्यांच्या प्रयोगशाळेचा नव्हता हे मान्य व्हावयास १९०७ साल उजाडले. जो होकार देतो तो औषधाच्या गुणाला होकार देतोच, पण बाटली, सुई आणि उघडणारा हात ह्यांनाही देतो.

आता काविळीकडे वळू. कारण दादांचा रोग त्या कुळातला, आणि संमतीच्या इतिहासातील एक कुप्रसिद्ध प्रकरणही त्याच रोगाचे आहे. न्यूयॉर्कमधील विलोब्रुक ह्या मतिमंद मुलांच्या संस्थेत १९५६ पासून डॉ. सॉल क्रुगमन ह्यांनी मुलांना काविळीचा विषाणू हेतुपुरस्सर देऊन रोगाचा अभ्यास केला. त्यातून काविळीचे दोन वेगळे प्रकार आहेत हे ज्ञान मिळाले, हे नाकारता येत नाही. पालकांच्या सह्या घेतलेल्या होत्या. पण १९६४ च्या अखेरीस संस्था भरून गेल्यामुळे नवे प्रवेश बंद झाले असताना काविळीच्या विभागात मात्र जागा मिळत होती. मूल घरी सांभाळणे अशक्य झालेल्या आईबापांपुढे मार्ग दोनच : सही करावी, नाहीतर मूल परत न्यावे. हेन्री बीचर ह्यांनी १९६६ साली ज्या बावीस अनैतिक प्रयोगांची यादी प्रसिद्ध करून वैद्यकविश्वास हादरा दिला, त्यांत हे एक होते. ह्या सह्यांची तुलना भायखळ्याच्या कैद्यांशी करून पाहावी. आईबाप स्वतंत्र नागरिक होते, कागद त्यांच्याच भाषेत होते. आणि तरी त्यांचा होकार कैद्यांच्या होकाराहून उणा ठरतो, कारण नकाराची वाट बुजलेली होती.

आपल्याकडील कायद्याचा प्रवास लांबवून सांगण्याचे कारण नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० साली पहिले नीतिविषयक निवेदन काढले. १९८८ साली औषध नियमांत परिशिष्ट ‘वाय’ आले व २००५ साली ते सुधारले गेले. २००९ पासून प्रत्येक चाचणीची नोंदणी सक्तीची झाली. सर्वोच्च न्यायालयातील याचिकेनंतर २०१३ च्या नोव्हेंबरपासून संमती देतानाचे ध्वनिचित्रमुद्रणही आवश्यक ठरले, ते पुढे २०१५ साली दुर्बल गटांतील व्यक्ती आणि सर्वस्वी नवी औषधे एवढ्यांपुरते मर्यादित झाले. आणि २०१९ साली ह्या सर्वांच्या जागी नवे स्वतंत्र नियम आले. कागद वाढत गेला. कागद वाढल्याने प्रश्न सुटतोच असे नाही, ह्याचे उदाहरण तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सापडते. १९९९ पासून तेथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीविषयी १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. बार्शीचे कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय व एक आंतरराष्ट्रीय संस्था त्यात होत्या. गावांचे ५२ समूह पाडून चार गट केले. तीन गटांत वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्यास फक्त माहिती दिली गेली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : विषाणूच्या तपासणीच्या गटात ह्या कर्करोगाने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. निष्कर्ष जगभर उपयोगी पडला; आणि ज्या गटाला तपासणी नव्हती त्याविषयी पुढे बरीच कडवट चर्चाही झाली. ह्या चर्चेत मी नवखा आहे. पण येथे चिठ्ठी व्यक्तीच्या नावाने नव्हे, गावाच्या नावाने निघाली होती, आणि गावाच्या वतीने होय किंवा नाही कोण म्हणणार, ह्यासाठी मराठीत अद्याप क्रियापद नाही एवढे मी म्हणू शकतो.

भंडाऱ्याकडे येतो. वैनगंगेच्या खोऱ्यात रक्ताशी संबंधित रोगांना एक खास इतिहास आहे. विदर्भात सिकलसेलचे अस्तित्व नागपूरच्या शुक्ल व सोळंकी ह्या डॉक्टरांनी १९५८ साली जगासमोर मांडले. ह्या रोगात पुनःपुन्हा रक्त चढवावे लागण्याचे प्रसंग येतात. आणि भारतातील रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस-सीची तपासणी सक्तीची झाली ती २००१ साली. विषाणूच मुळी १९८९ मध्ये ओळखला गेला. म्हणून त्यापूर्वी ज्यांना रक्त चढले अशा माणसांना, आमच्या दादांसारख्यांना, कसलाही दोष नसताना हा रोग जडला. उपचार होता तो इंटरफेरॉनची टोचणी व रिबाव्हिरिनच्या गोळ्या ह्यांचा : सहा महिने ते वर्षभर ताप, अंगदुखी, उदासी, आणि गुण येण्याची खात्री नाही. रिबाव्हिरिनने तांबड्या पेशी फुटतात. त्यामुळे सिकलसेलच्या रोग्यास तो अधिकच अवघड, आणि रक्त कमी म्हणून नव्या औषधांच्या चाचण्यांतूनही असा रोगी बहुधा वगळला जाई. ज्यांना गरज सर्वांत अधिक त्यांना विचारणाच नाही, हाही संमतीच्या इतिहासाचा एक भाग आहे. त्यांच्या बाबतीत होकार वा नकार हा प्रश्नच उद्भवला नाही.

सोफोसबुव्हिर ह्या औषधास डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. बारा आठवड्यांची किंमत ८४,००० डॉलर. म्हणजे २०१४ च्या उन्हाळ्यात मोहाडीच्या शेतकऱ्यापुढे नव्या औषधाची चाचणी आली तेव्हा परिस्थिती अशी होती : बरे होण्याचा मार्ग जगात आहे, पण तो त्याच्या दारापर्यंत आलेला नाही, चाचणीत शिरल्यास निम्मा संभव फुकट मिळण्याचा.

मी ते कागद भाषेच्या अंगाने वाचले. त्यांत ‘सांगण्यात आले’, ‘देण्यात येईल’, ‘घेण्यात येतील’, ‘कळविण्यात येईल’ अशी क्रियापदे पानोपानी होती. ‘-ण्यात येणे’ ही कारभारी मराठीची लाडकी रचना आहे. तिच्यात कर्ता सांगावा लागत नाही. ‘मला सर्व माहिती समजावून सांगण्यात आली आहे’ ह्या वाक्याखाली सही करणाऱ्याने कोणी सांगितले हे विचारू नये, अशी जणू व्याकरणाचीच योजना आहे. आपले व्याकरणकार वाक्याच्या घडणीस कर्तरी, कर्मणी, भावे असे ‘प्रयोग’ म्हणतात हा योगायोग मला त्या वेळी बोचला. शिवाय झाडीपट्टीत ‘प्रयोग’ म्हणजे आधी नाटकाचा. दिवाळीनंतर रात्र रात्र चालणारा, पाल ठोकून मांडलेला. ‘प्रयोगात भाग घेता काय?’ असे कोणी विचारले तर येथला माणूस आधी ‘कोणती भूमिका?’ असेच विचारील.

मी एक वेगळा उद्योग केला. प्रत्येक ‘-ण्यात येईल’पुढे पेन्सिलीने ‘कोण?’ असे लिहीत गेलो. एकतीस ठिकाणी लिहिले. वहिनी शेजारी तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनी मध्येच विचारले, ‘भाऊजी, नाही म्हटलं त मंग त्या दवाखान्यात पाय ठेवू देतीन का जी?’

कागदात ह्याचे उत्तर होते. नकार दिल्याने रुग्णाच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही, अशा अर्थाचे एक वाक्य नवव्या पानावर होते. कायद्यानेच ते असावे लागते. पण ते लांब होते, आणि तेही ‘-ण्यात येणार नाही’ असेच संपत होते. वहिनींच्या ‘देतीन’ ह्या बोलीतील रूपाला मात्र कर्ता आहे : ‘ते’. दारात उभे राहून आत सोडणारे किंवा न सोडणारे कोणीतरी ‘ते’. विलोब्रुकच्या आईबापांनाही ह्याच ‘ते’चे भय होते. मी वहिनींना म्हटले, हे तुम्ही डॉक्टरांनाच विचारा, आणि उत्तर कोणाच्या तोंडून येते ते ऐका.

पुढच्या खेपेस दोघे नागपूरला गेले. कॅमेरा लावलेला होता. ‘आपला फोटो कायले पाहिजे’ म्हणून वहिनी थोड्या बिचकल्या. त्यांनी प्रश्न विचारला. तरुण डॉक्टरांनी क्षणभर थांबून, नवव्या पानावरचे वाक्य न वाचता, ‘मी स्वतः तपासीन, नाही म्हणालात तरी’ असे म्हटल्याचे दादांनी मला सांगितले. दुसरा प्रश्न दादांचा होता : दर पंधरा दिवसांनी यावे लागेल, तर रोवणीच्या महिन्यात एखादी खेप चुकली तर चालेल काय? चालणार नव्हते, आणि तसे स्पष्ट सांगितले गेले. दादांनी आठ दिवस मागून घेतले व नकार दिला.

हा निर्णय शहाणपणाचा होता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनीने सात भारतीय कंपन्यांस परवाना दिला, २०१५ च्या मार्चमध्ये देशी बनावटीची बाटली सुमारे २०,००० रुपयांस बाजारात आली, हे त्या उन्हाळ्यात आम्हांस कोणासही ठाऊक नव्हते. यकृताने तोवर दगा दिला असता तर आज हे टिपण मी लिहिले नसते. दादांना चोवीस आठवड्यांच्या सहा बाटल्या लागल्या, आणि त्यासाठी त्यांनी बांधीचा एक तुकडा गहाण ठेवला. चाचणीत कदाचित ते सर्व विनामूल्य झाले असते. राष्ट्रीय कार्यक्रमाद्वारे हा उपचार विनामूल्य मिळू लागला तो २८ जुलै २०१८ नंतर. आता जिल्ह्यातील रुग्णापुढे चाचणीचा कागद आला तर त्याने विचारावयाचा पहिला प्रश्न बदलला आहे : खात्रीचा उपचार सरकारी दवाखान्यात मिळत असता नव्या औषधाने मला अधिक काय मिळणार, आणि दुसऱ्या गटात गेलो तर तो खात्रीचा उपचार मला मिळणार की नाही? १८९७ च्या कैद्यापुढे एका बाजूस लस व दुसऱ्या बाजूस केवळ प्लेग होता. ती तुलना आता लागू नाही.

उपचारानंतर दादा त्याच रुग्णालयात, त्याच तरुण डॉक्टरांकडे तपासणीस जात राहिले. विषाणू आढळला नाही. तो तुकडा २०१९ साली सुटला. सही न झालेले चौदा कागद माझ्याकडे आहेत, एम.ए.च्या वर्गात कारभारी मराठी शिकविताना मी ते विद्यार्थ्यांना वाचावयास देतो आणि ‘कोण?’ असे कोठे कोठे लिहावे लागेल ते शोधावयास सांगतो. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने चौतीस जागा शोधून काढल्या. माझ्या नजरेतून तीन सुटल्या होत्या.